अकरा पावलांचं रान

मोरेश्वरने घेतलेलं यंत्र गवताबरोबर गवताखालची जमीनही बांधायचं. एक गठ्ठा बाहेर पडला की रान एक पाऊल आखूड व्हायचं. विकणाऱ्याने हे आधीच सांगितलं होतं, आणि म्हणून तर त्याने ते घेतलं.

विकणारे फरेदून शेठ. घोलवडकडे त्यांची गवताची मोठी वखार होती. मोरेश्वर तिथे पोचला तेव्हा फाटक, विहीर आणि घराची ओसरी एकमेकांना चिकटून उभी होती. फाटक उघडलं ते थेट शेठच्या आरामखुर्चीला लागलं.

"साठ वर्षं बांधतोय," शेठ खुर्चीतूनच म्हणाले. "आता बांधायला काय उरलं नाय. तुझं रान किती?"

"घरापासून देवळापर्यंत तेराशे पावलं."

"आणि ठेवायचं किती?"

"अकरा."

शेठने मान डोलावली. "मग ऐक. दट्ट्याला रोज ग्रीस. सुतळी वाखाची, नायलॉनची नाय. आणि गाठ मारणारी ही चोच, हिला तेल कमीच. अधूनमधून चुकू दे तिला. चुकली तर गाठ सुटते, यंत्र आपसूक थांबतं. नाय चुकली तर हा दांडा ओढ. पण दोन्ही हातांनी हां. एका हाताला तो दाद देत नाय."

अकरा पावलं आक्काची होती. आक्का म्हणजे मोरेश्वरची थोरली बहीण. आईमागे त्याला तिनेच वाढवलं. तीन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले. पडवीतल्या खाटेवरून उठून ती अकरा पावलं चालायची, बारावं पडत नसे. त्याआधी चाळीस वर्षं दत्तजयंतीच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला ती पहिल्या रांगेत. आता खाटेवरून कर्णा ऐकायची. कर्णा शब्द पोचवतो, पण बुवांच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं ते कुठल्या कर्ण्यातून पोचायचं?

मोरेश्वरने जीप आणली, खुर्ची आणली, उचलून नेतो म्हणाला.

"खांद्यावरून मला एकदाच न्यायचंय, मोरू. त्याची घाई करू नकोस," ती म्हणाली. "देवाच्या दारात मी माझ्या पायांनी जाईन."

म्हणून यंत्र आलं. मोरेश्वरने ते पडवी आणि देवळाच्या मधोमध, पायवाटेला लागून उभं केलं. रान आपणच सरकत त्याच्या तोंडाशी यायचं. सकाळी ग्रीस, मग चोचीतला धूळकचरा पुसायचा, सुईत सुतळी ओवायची, की दिवसभर धाड धाड गठ्ठे. चिंच जवळ आली, मग विहीर जवळ आली. गठ्ठे वसईच्या तबेल्याला जात. तिसऱ्या आठवड्यात तबेलेवाल्याचा फोन आला.

"मोरेश्वरभाऊ, काय पाठवलंत हे? गठ्ठे सोडले आणि तबेला लांब झाला. धार काढायला माणूस सायकलवरून जातो."

"गवत कसं आहे?"

"गवत एक नंबर."

"मग पाठवू अजून?"

"पाठवा की. जागेची टंचाईच होती."

सप्ताह बसला तेव्हा दीडशे पावलं उरली होती. देवळातली खिचडी गरम असतानाच पडवीत यायला लागली. बुवा येता-जाता आक्काची विचारपूस करू लागले. देवळाचे पंच धर्माबाबा तेवढे काळजीत पडले.

"मोऱ्या, प्रदक्षिणेला वाट उरेल ना रे?"

"उरेल बाबा. देवळामागचं मी काही बांधत नाही."

सहाव्या दिवशी चोच तीनदा चुकली. तीन गाठी सुटल्या, तीन पावलं परत पसरली, आणि यंत्र गप्प झालं. दुसऱ्या दिवशी काला. मोरेश्वर देवळात गेला, नंदादीपातलं तेल वाटीभर घेऊन आला आणि चोचीला मनापासून पाजलं. देवापुढचं तेल ते, वाईट काय करणार? त्यानंतर चोच एकदाही चुकली नाही.

काल्याच्या सकाळी दहा ते बारा वीणेचा पहारा मोरेश्वरचा होता. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि नाम थांबत नाही. धर्माबाबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, पाया पडले आणि कीर्तनाला जाऊन बसले. तीस पावलं उरली होती. मोरेश्वर यंत्रापाशी उभा राहिला. आता तीही देवळाचीच जागा. एक हात तारेवर, दुसऱ्यात चिपळ्या, तोंडाने नाम. देवळात बुवा एकेका गोपाळाची शिदोरी सोडू लागले. इकडे यंत्र गाठी मारत होतं.

वीस. पंधरा. अकरा.

"आक्का, ऊठ!"

आक्का उठली. पदर सारखा केला आणि पहिलं पाऊल टाकलं. तेवढ्यात एक गठ्ठा पडला. नऊ उरली. दुसरं पाऊल, दुसरा गठ्ठा. सात. मोरेश्वरने दांड्याकडे पाहिलं आणि मग आपल्या दोन्ही हातांकडे.

"वीणा घ्या कुणीतरी!" नामाच्या चालीतच तो ओरडला. देवळात टाळ-मृदंग टिपेला पोचले होते. सगळे उभे राहून डुलत होते, पाठी इकडे. वीणा खाली ठेवायचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

तिसरं पाऊल. पाच उरली. आक्का त्याच्या शेजारी येऊन थांबली.

"अरे, देऊळ अंगावर येतंय की माझ्या."

"थांबवतो. तू वीणा घे."

"मी? या गावाने बाईच्या गळ्यात घातलीय कधी?"

"आत्ता इथे दुसरं आहे कोण?"

"दे मग," आक्का म्हणाली. "चाळीस वर्षं मागायचीच राहिली होती."

त्याने वीणा तिच्या गळ्यात घातली. मधल्या मध्ये दोन गठ्ठे पडले, पण तार थांबली नाही. त्याचं बोट निघालं तिथे तिचं आलं. ती चालू लागली. त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले आणि ओढला. चोचीचं तेल ओघळून दांडा चकाकत होता, हात निसटत होते. तो इंचभर हलला, आणखी इंचभर हलला. आक्काचं चौथं पाऊल पडलं, तसा अजून एक गठ्ठा बाहेर आला.

तिच्या पायांत अजून सात पावलं होती. रानात एकच उरलं होतं. समोर उंबरा, उंबऱ्याआत बुवा शेवटची शिदोरी हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तिला आता स्पष्ट दिसत होतं.

"या आक्का," बुवा म्हणाले.

आक्काने हसून पाऊल उचललं. त्या शेवटच्या पावलाभोवती सुई सुतळी घेऊन वर आली.