दोन दिवसांचा उपास

रोसारिओ शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची खोली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.

तिथे यामिला पीएचडी करत होती. तिच्या उंदरांच्या पेशींतला एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, जन्मतःच काढून टाकलेला. पेशीच्या केंद्रकात बसणारा हा ग्राही. पोट रिकामं पडलं की तोच जनुकांना उठवतो, साठवलेली चरबी जाळायला लावतो. तो नसेल तर उपासात चरबी यकृतात तुंबते, अंग गार पडतं, जीव जातो. पण यामिलाचे अकराही उंदीर दोन दिवसांच्या उपासातून जिवंत निघाले. दुसराच कुणी ग्राही ते काम उचलतो, असं ती भर सभेत मांडणार होती. शिष्यवृत्ती टिकणार की जाणार, ते त्यावरच होतं.

तिने तासभर मांडलं. मग विभागप्रमुख बेर्तोलोत्तीबाईंनी माते या कडवट चहाचा घोट घेतला आणि विचारलं, उंदरांची वजनं किती घटली?

यामिलाने वही चाळली. घटलीच नव्हती.

"उपास करूनही वजन न घटणारे उंदीर," बाई म्हणाल्या. "माझ्या सासूचे नातलग दिसतात."

सगळे हसले. यामिलाचे कान लाल झाले.

मला राहवलं नाही. दर वर्षी गुड फ्रायडेला मी स्वतः उपाशी राहतो. भूक मला ठाऊक आहे. उपास सुरू करताना पिंजऱ्यातला भुसा बदलायचा असतो. मी तो बदलला नव्हता. त्यात सांडलेले दाणे होते, ते मी मुद्दाम राहू दिले. उभा राहून मी सगळं कबूल केलं.

"मला माहीत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "वजनाची वही मी महिन्यापूर्वीच पाहिली. म्हटलं, पोरीला स्वतःलाच कळतंय का बघू."

 यामिला त्यांना सोडून माझ्याकडे वळली.

"काका, तुम्हाला दया करायला कुणी सांगितलं होतं?"

शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली. पुढच्या सोमवारी ती नवे अकरा घेऊन आली. मला पिंजऱ्यांना हात लावू दिला नाही. भुसा तिनेच बदलला, कोपरे बोटाने पुसले. बुधवारी दुपारी एकेक गार उंदीर तळहातावर घेऊन तिने वजनं लिहिली. अकरावा अजून धुगधुगत होता. मी बाटलीतलं साखरपाणी पुढे केलं.

तिने बाटली मोरीत ओतली, आणि त्याची धुगधुगी थांबेपर्यंत घड्याळाकडे बघत बसली.