गोरं करणारा कॅमेरा

यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. म्हणून कडबा कापताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून धावले. दवाखान्याचं नाव काढलं, तर हे म्हणाले, "म्हशी कोण बघणार? फोनवर दाखवू की. डॉक्टर काय डोळा हातात घिऊन बघतो?"

कोथरूडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची तशी सोय होती. आपण फोटो पाठवायचा, डॉक्टर तिथून औषध सांगणार. आमच्या लेकीने, सृष्टीने, कॉलेजला निघता निघता यांचा फोटो काढून पाठवला. 'किरकोळ लाली आहे,' असा निरोप आणि थेंबांचं नाव आलं. मी देवापुढे साखर ठेवली. मूर्ख बाई!

थेंब घालूनही दुखणं वाढतच गेलं. कधी न कण्हणारा माणूस "लय ठणकतंय गं" म्हणत भिंतीला डोकं लावून बसला. बुबुळावर पांढरा डाग पसरला. शेवटी रिक्षात घालून मी यांना कात्रजहून कोथरूडला नेलं.

डोळा तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फोटो दुसऱ्या कुणाचा पाठवला होता का?" त्यांनी तो संगणकावर उघडून दाखवला. त्यात हे गोरेपान, सुरकुती नाही, आणि डोळ्यात नुसती फिकट लाली. सृष्टीचा फोन सगळ्यांनाच असं गोरं करतो. घरात आम्ही त्यावर किती हसायचो! त्याने यांच्या डोळ्यात तेव्हा नुकताच उमटलेला डागही पुसून टाकला होता.

"बुरशी आत पसरली आहे," बाई म्हणाल्या. "बुबुळ बदललं तरी नजर येईल असं मी सांगू शकत नाही."

सृष्टी समोर असती तर तो फोन मी फरशीवर आपटला असता. पण पोरीने काय केलं होतं? रोज करते तेच. राग तरी कुणावर धरावा ते कळेना. यांनी माझा हात घट्ट धरला. "पोरीला यातलं एक अक्षर सांगायचं न्हाय."

संध्याकाळी सृष्टी वॉर्डात आली. "आप्पा, माझा फोटो नीट आला नव्हता का हो?" दारातूनच तिने विचारलं आणि रडू आवरत पलंगाला वळसा घालून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"न्हाय गं बाळा, फोटो झ्याक आलता," हे हसून म्हणाले. "डोळा आधीच गेलता, डॉक्टरच म्हणाल्या. आता रडू नको. बघ, मला दिसतंय तुझं तोंड."

हे अजून दाराकडेच बघत होते.