परदेशी बोर्ड आणि घटस्थापनेची बादली

मी एमडीएफचा बोर्ड बोलतोय. नाव इंग्रजी, जन्म मलेशियातला आणि कूळ विचाराल तर भुसा. लाकडाचा भुसा गोंदात कालवून गरम दाबाखाली थापला की मी तयार. खरं लाकूड मला भाऊ मानत नाही, आणि मलाही त्याची गरज वाटत नाही.

जहाजातून उतरून मी पुण्याच्या टिंबर मार्केटात आलो. २००७ साली जांबे गावच्या नथूशेठनी मला उचललं. जमीन विकून त्यांनी नोकरदारांसाठी खोल्या बांधल्या होत्या. सुतारानं माझं कॉम्प्युटर टेबल केलं. येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला नथूशेठ माझ्यावर थाप मारून सांगत, "इंपोर्टेड हाय! सागवान काय करतंय याच्यापुढं!" फुकटची अब्रू कोण नाकारतं?

पुढं त्या खोलीत परभणीची जुईली आली. हिंजवडीच्या एका कंपनीत ती बाजारपेठांचे अहवाल लिहायची. नोकरी अजून कच्ची होती. हातातला अहवाल पटला तर पक्की, नाहीतर परत परभणी, आणि तिथं वडिलांनी बघून ठेवलेला मुलगा. "आई, मला तो नकोय!" असं फोनवर म्हणत ती माझ्यावर कोपर आपटायची. मला तिची फार काळजी वाटे.

अहवालाचा विषय काय, तर मीच! भारत आणि श्रीलंका दरवर्षी किती किमतीचा एमडीएफ आयात करतात, याची तुलना. पडद्यावर आलेखाचे दोन खांब. आपला उंच, त्यांचा बुटका. मी खूश! पण तिचे मनीष सर म्हणाले, "देश मोठा, खांब मोठा, त्यात काय? आपला खांब का वाढतोय, ते सांग." जुईलीनं लिहिलं, लोकांची ऐपत वाढली. सरांनी ते खोडलं. "हे सगळेच लिहितात."

तेवढ्यात घटस्थापना आली. आदल्या दिवशी नथूशेठच्या बायकोनं, जयाकाकूंनी, सगळ्या खोल्या धुवायला काढल्या. बादलीवर बादली ओतत सुटल्या.

"काकू, टेबल भिजतंय!"

"भिजंना का! देवी बसायची हाय. पारोशा घरात बसंल व्हय ती?"

पाणी माझ्या पायात शिरलं. पाय फुगत गेला आणि अष्टमीला मी कोसळलो. नशीब, कॉम्प्युटर गादीवर पडला.

नथूशेठ शांतपणे म्हणाले, "दरसाल नवरात्रात यकदोन जात्यातच. नवं आणू की. इंपोर्टेडच!"

जुईली थबकली. माझा फुगलेला पाय पिशवीत घालून तिनं ऑफिसात नेला आणि सरांपुढं ठेवला. "सर, काही बोर्ड ऐपतीमुळं खपत असतील. काही बादलीमुळं खपतात."

सर हसले. मग त्यांना स्वतःच्या घरचं टेबल आठवलं आणि हसू थांबलं. "हे तपासायला हवं," असं वाक्य अहवालात गेलं. नोकरी पक्की झाली. परभणीचा मुलगाही सुटला बिचारा.

मला काय मिळालं? खुराड्याचं दार व्हायचा मान. कोंबड्या माझं काय करतात ते सांगण्याजोगं नाही. समोरच जुईलीची खोली दिसते. तिथं माझ्याच कुळातलं नवं टेबल आलं.

पुढच्या वर्षी जयाकाकू पुन्हा बादली घेऊन निघाल्या. मला वाटलं, जुईली तरी अडवील, तिला सगळं ठाऊक आहे. पण त्या वर्षी जुईली पहिल्यांदाच स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या हातानं घट बसवणार होती. वाचकहो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्या पायाखाली विटा सरकवा, एवढंच माझं मागणं. हिनं तेवढंही केलं नाही. ओढणी कमरेला खोचली, नव्या टेबलाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली,

"काकू, अजून एक बादली आणा."