पस्तीस मिनिटं

शाळेचे गिलरेन मास्तर किलगॅरो स्टेशनचा इतिहास लिहिताहेत. या महिनाअखेर लाइन बंद होणार, म्हणून गावाला अचानक स्टेशनचा पुळका आलाय. परवा ते वही घेऊन माझ्याकडे आले आणि वाचून दाखवू लागले. "एकोणीसशे सोळाच्या ऑक्टोबरात फेस्टस डर्कन नावाच्या हमालाने थट्टेखातर फाटकवालीला चुकीची वेळ सांगितली. मोठा अपघात थोडक्यात टळला." मग मान वर करून म्हणाले, "बरोबर आहे ना, टॅन्सीबाई?"

सत्तेचाळीस वर्षं मी या गोष्टीला हो म्हणत आलेय. परवा तोंडातून हो निघेना.

ती फाटकवाली मीच, ऑनर टॅन्सी. नवरा लाइनीचा मुकादम होता, न्यूमोनियानं गेला. फाटकाशेजारचं दोन खोल्यांचं घर कंपनीनं माझ्याकडे राहू दिलं, फाटक मी सांभाळायचं या बोलीवर. फाटक गेलं की घरही गेलं, आणि पदरात दोन मुली. स्टेशनमास्तर कफ माझ्या वाईटावर टपलेला. त्याच्या मेव्हणीला ते घर हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक लेखी ताकीद त्यानं मला देऊन झाली होती आणि तीसुद्धा फेस्टसच्या कृपेनं. "ऑनर, उद्याच्या मालगाडीनं बिशप येतायत. फाटक पांढरं कर, हुकूम आहे," असं फेस्टस गंभीर चेहऱ्यानं सांगून गेला. मी दिवसभर खपून कंपनीचा सगळा चुना संपवला. दुसऱ्या दिवशी मालगाडीतून डुकरं उतरली.

तर असा हा फेस्टस. दर शनिवारी स्टेशनवरची वेळ आपल्या खिशातल्या घड्याळात घालून तो माझ्याकडे यायचा आणि माझं भिंतीवरचं घड्याळ जुळवून जायचा. फाटकाला ना तार, ना घंटा. मी चालायचे त्या घड्याळावर. त्या शनिवारी मात्र तो घड्याळाला हात न लावता म्हणाला, "आज निजताना पस्तीस मिनिटं मागं कर."

"पस्तीस? सदतीस का नाही रे?"

"शपथेवर सांगतो."

"कुणाच्या? बिशपच्या?"

तो हसला. तिथंच सगळं बिनसलं. हसत हसतच त्यानं समजावलं, "मेमध्ये उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढं केलं होतं ना? तो आता परत द्यायचा. पण आजवर आपली डब्लिनची वेळ लंडनच्या पंचवीस मिनिटं मागं, ती आता सरकारनं बंद केली. लंडनची तीच आपली. साठातून पंचवीस गेले, राहिले पस्तीस."

"म्हणजे पंचवीस मिनिटं लंडननं ठेवून घेतली?"

"घेतली."

"आणि ती ठेवली कुठं? कपाटात?"

तो गेला आणि मी लंडनच्या वेळेवर चालणाऱ्या ब्रॅडफर्डहून आलेलं बहिणीचं पत्र पुन्हा काढलं. "शनिवारी रात्री घड्याळ एक तास मागं करायचं, विसरू नकोस," असं तिनं स्वच्छ लिहिलं होतं. एक तास पुढं गेलं, एक तास मागं आलं, यात न समजण्यासारखं काय होतं? मी काटा पूर्ण एक तास मागं फिरवला.

रविवारी गाडी नसे. प्रार्थनेला गेले ती थोडी धास्तावूनच. फादर मीहननी मेमध्ये देवळाच्या घड्याळाला हातच लावू दिला नव्हता. सरकारच्या हुकमावर देवाची वेळ हलत नाही, म्हणायचे. घरून निघताना मी काटे नीट पाहून ठेवले होते, चालत दहा मिनिटं लागली, आणि देवळाच्या घड्याळात बरोबर तेवढीच दहा मिनिटं जास्त. माझा जीव भांड्यात पडला. देव माझ्या बाजूनं आहे म्हटल्यावर फेस्टस डर्कनची काय पत्रास! देवाची वेळ म्हणजे जुनी डब्लिनची, आणि गाडी देवाच्या वेळेवर चालत नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी जत्रेचा बाजार होता. उठल्यापासून मला चैन नव्हतं. फेस्टस हसला खरा, पण शपथेवर म्हणाला होता. स्टेशनवर जाऊन विचारावं तर कफ म्हणणार, हिला साधी वेळ कळत नाही, आणि घराच्या चाव्या मागणार. मी घड्याळापाशी जात होते, दारात येत होते, पुन्हा आत जात होते. मोठीनं विचारलं, "आई, काय हरवलंय?" मी तिच्यावर उगीच खेकसले.

घड्याळात सव्वाआठ झाले. गाडी आठ चाळीसची. फाटक रस्त्याला खुलं, म्हणजे त्याच्या दोन्ही फळ्या रुळांवर आडव्या. गुरं, मेंढ्या, माणसं सगळी बाजाराकडे चाललेली. दिसेल त्याला मी वेळ विचारत होते. म्हातारा ह्यूई लॅव्हिन गाढवाच्या गाडीत डुकरीण घेऊन आला.

"ह्यूई, किती वाजले?"

"कुणाचे? देवाचे, सरकारचे, का माझ्या बायकोचे?"

"नीट सांग रे बाबा!"

"बायकोचे विचारशील तर मला उशीर झालाय." एवढं बोलून त्यानं गाढव हाकलं, आणि गाडीचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं.

मी वाकून रुळाला हात लावला. रूळ थरथरत होता.

काय करावं ते सुचेना. मी गाढवाचा लगाम ओढू लागले, गाढव जागचं हलेना, ह्यूई शिव्या देतोय. तेवढ्यात स्टेशनच्या बाजूनं फेस्टस लाल निशाण फडकावत धावत आला. फलाटावरून त्याला फाटक आडवं दिसलं होतं. निशाण त्यानं माझ्या अंगावर फेकलं, "पळ, दाखव!" म्हणून ओरडला आणि खांदा लावून चाक उचललं. मी वळणाकडे पळाले. ड्रायव्हरनं ब्रेक दाबले, ती किंकाळी अजून कानात आहे. गाडी फरफटत आली, फाटकाची एक फळी चिरफाळली आणि इंजिन थांबलं. गाढव, ह्यूई, डुकरीण, सगळे पलीकडे सुखरूप होते.

कफ धापा टाकत आला. त्यानं मोडलेली फळी पाहिली, मग माझ्या उघड्या दारातून घड्याळ पाहिलं. चेहऱ्यावर काय आनंद होता त्याच्या! "टॅन्सीबाई, तुम्हाला किती मिनिटं मागं करायला सांगितलं होतं?"

मी दाराकडे पाहिलं. दोघी मुली दारात उभ्या होत्या.

"एक तास, साहेब," फेस्टस म्हणाला. "मीच सांगितलं. गंमत केली."

कफ फळीकडे वळला तसा फेस्टस माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "मी खरं सांगतो ते कुणी मानत नाही, ऑनर. खोटं तरी मानू दे."

आणि मी गप्प बसले. बोलायला वेळ होता, तोंडही होतं. तरी गप्प बसले.

दुपारीच त्याला काढून टाकलं. संध्याकाळच्या गाडीनं तो स्कॉटलंडला बटाटे काढायला निघाला. त्याच्या गाडीसाठी फाटक मीच लावलं, मोडक्या फळीच्या जागी दोर बांधून. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "ऑनर, किती वाजले गं?" मला हसताही आलं नाही. तो परत कधी आला नाही. जिवंत आहे की नाही, तेही कळलं नाही. घर मात्र माझ्याकडे राहिलं. दोन्ही मुलींची लग्नं याच घरातून झाली.

परवा मी हे सगळं गिलरेन मास्तरांना सांगितलं. म्हटलं, "खोडा ते वाक्य. त्यानं पस्तीस सांगितली होती, आणि पस्तीसच बरोबर होती."

मास्तर तरुण आहेत. ते फेस्टससारखेच हसले.

"पस्तीस? घड्याळ कुणी पस्तीस मिनिटं मागं करतं का, बाई? थट्टा करताय माझी."

मी वही त्यांच्या मांडीवरून ओढली, पेन्सिल हातातून काढून घेतली. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी ते वाक्य खोडून मी तिथं मोठ्या अक्षरात पस्तीस लिहिलं आणि खाली माझी सही केली.