आंब्यापाशी उतरणं

सायकल शर्यतीत पोलादपूरहून महाडला परत फिरताना सयाजी सगळ्यांच्या पुढे होता. रस्त्यावर अजून डांबर पडलेलं नव्हतं. खडीच्या धुळीत मागचे दोघे दिसतही नव्हते. रोज दुधाच्या किटल्या लादून महाड गाठणाऱ्याला आज रिकामी सायकल म्हणजे चैनच वाटत होती. व्यायामशाळेनं बक्षीस लावलं होतं, नवी कोरी सायकल. सयाजीला ती हवीच होती. त्याच्या सायकलीची चढावर चेन पडायची आणि उतारावर ब्रेक लागायचा नाही.

पण पुढे फाट्यावर आंबा होता, आणि त्याखाली थोरला भाऊ रावजी बसलेला असणार होता. वाटण्या झाल्यापासून दोघांत शब्द नव्हता. तरी थोरल्यासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, ही बापाची शिकवण. सयाजी रोज तिथे उतरायचा, सायकल हातात धरून चालायचा आणि पुढे जाऊन टांग मारायचा. रावजी दुसरीकडे बघायचा. गावालाही आता त्याचं काही वाटत नसे.

आज आंब्याखाली कोणी नव्हतं. सयाजीला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. मग बुंध्याआडून पागोट्याचं टोक दिसलं. धाकट्याला उतरावं लागू नये म्हणून हा पन्नाशीचा बाप्या झाडामागे लपला होता! सयाजीला भरून आलं. खडीत पाय घासत त्यानं सायकल थांबवली.

"उतरलास कशाला रे येड्या?" रावजी बाहेर येऊन ओरडला. "मागून पोरं आली बघ!"

"दादा, तू दिसलास."

"मी नाय हितं! बस आधी!"

सयाजी बसला. रावजीनं सीट धरून धावत धावत त्याला चढापर्यंत ढकललं.

महाडला सयाजी पहिला आला, पण मागच्यांनी सगळं पाहिलं होतं. पंच गंगाधरपंत म्हणाले, "परक्या माणसाचा धक्का घेतलात म्हणे. नियमानं बाद करावं लागेल."

"धक्का घेतला, खरं हाय," सयाजी म्हणाला. "पण परका नाय तो, सायेब. भाव हाय माझा."

पंतांनी हसून मान डोलावली. सायकल मात्र दुसऱ्यालाच गेली.

दुसऱ्या दिवशी सयाजी किटल्या घेऊन आंब्यापाशी उतरला. रावजीनं सरकून शेजारी जागा केली.

"चेन पडली का रे काल?" त्यानं विचारलं.

त्या दिवशी महाडला दूध उशिरा पोचलं.