भेंडीच्या बियांची बाटली

दुसऱ्यांच्या गाठी मोजण्यात प्रिस्काची सात वर्षं गेली होती, आणि त्या कामात तिचा हात धरेल असं कंपनीत कुणी नव्हतं. भुईगावातल्या घराच्या माडीवर सकाळी सातला लॅपटॉप उघडायचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा हॉस्पिटलात कुणाच्या खांद्यातून, कुणाच्या मांडीतून काय कापून काढलं ते वाचायचं आणि त्याला ठरलेला आकडा, म्हणजे कोड, द्यायचा. त्या कोडवर तिकडे बिल निघे. गाठ कुठे होती, कातडीखाली होती की स्नायूत खोल, केवढी होती, एवढं डॉक्टरच्या नोंदीत सापडलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं डॉक्टरच्याही हातात नसे. गाठ साधी की वाईट हे लॅबचा रिपोर्ट सांगणार. तो येईपर्यंत फाइल थांबवायची, मग मॅनेजर कितीही नाचो. नव्या मुलींना ती दटावून सांगायची, "डॉक्टरला काय वाटतं ते लिहायचं नाही. रिपोर्ट काय म्हणतो ते लिहायचं."

मार्चमधल्या त्या सकाळी तिच्यापुढे एका एकाहत्तर वर्षांच्या माणसाची फाइल होती. मांडीतली गाठ, स्नायूत खोल, रिपोर्ट यायचा होता. प्रिस्काने फाइल थांबवली आणि चहा घ्यायला खाली आली.

खाली तिचे वडील आलोशियस कुणावर तरी चिडले होते. बायको गेल्यापासून त्यांना चिडायला माणूस उरलं नव्हतं, त्यामुळे आज पाळी बियाण्याची होती.

"बाय, या भेंडीला काय झालं गं? दोनदा टोकली. एक कोंब वर येईल तर शपथ."

ते उजवा पाय लांब करून बसले होते. हल्ली ते असेच बसत. हातात पांढऱ्या झाकणाची प्लॅस्टिकची बाटली होती आणि ती हलवून हलवून ते बियांना जाब विचारत होते. ही बाटली गेले कित्येक महिने स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. प्रिस्काने तिच्यावरची धूळही पुसली होती. पण आज वडिलांचा अंगठा बाजूला सरकला आणि लेबल दिसलं. 'आलोशियस. उजवी मांडी.' अक्षर तिचंच होतं.

"पप्पा, ही बाटली कुठली?"

"दवाखान्यातली. झाकण चांगलं घट्ट होतं म्हणून ठेवली. उग्र वासाचं पाणी होतं आत. तीन वेळा धुतली तरी वास जाईना."

"आणि आतलं?"

आलोशियस जरा अवघडले. "पुरलं. वाडीतल्या क्रुसाजवळ. वर 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली. तुझ्या मम्मीला मातीत ठेवलं ना आपण? मग माझ्या अंगाचा तुकडा काय कचऱ्याच्या गाडीत देऊ?"

"केविन ते लॅबमध्ये नेणार होता!"

"चार दिवस वाट बघितली मी. कोण आलं नाही. फ्रिजच्या बाजूला मांस, माझ्या घशाखाली घास उतरेना."

प्रिस्काने रागवायचं तर कुणावर? ऑगस्टमध्ये वसईतल्या त्या लहानशा दवाखान्यात गाठ काढली, तेव्हा नर्सने बाटली तिच्याच हातात दिली होती. आपल्याकडे तशीच पद्धत आहे. काढलेलं नातेवाइकाच्या हवाली करायचं आणि लॅबला पळवायचं. नाव लिहून सहीही तिनेच केली होती. डॉक्टर म्हणाले, "चरबीची वाटते. तरी तपासून घ्या आणि रिपोर्ट मला दाखवा." पण शिफ्टला उशीर होत होता. तिने पिशवी फ्रिजशेजारी ठेवली, भावाला फोन केला, केविन 'हो हो' म्हणाला, आणि तिचं काम झालं.

तीन आठवड्यांनी विम्याचे पैसे आले. इथेच घात झाला. प्रिस्काच्या जगात रिपोर्ट आल्याशिवाय पैसे हलत नाहीत. पैसे आले, म्हणजे रिपोर्ट आला. रिपोर्ट आला आणि कुणी काही बोललं नाही, म्हणजे तो चांगला. सात वर्षांच्या सवयीने तिने मनातल्या मनात फाइल बंद केली. केविनला एका शब्दाने विचारलं नाही. तिकडे केविन निवांत होता, कारण ताई याच लाइनमधली, तिने बघितलं असेलच.

तिने कपाटातून दवाखान्याचे कागद काढले. बिलावर ऑपरेशन थिएटर होतं, भूल होती, टाके होते, औषधं होती. तपासणीचा शब्द नव्हता. विम्याच्या फॉर्मवर दवाखान्याच्या कारकुनाने त्याच दिवशी लिहून टाकलं होतं, 'चरबीची साधी गाठ'. कारकुनाला तसं वाटलं होतं. एखाद्या शिकाऊ मुलीने असली फाइल पाठवली असती, तर प्रिस्काने तिला दहा मिनिटं उभी आडवी घेतली असती.

"पप्पा, पाय बघू."

"काही नाही त्याला."

"बघू."

त्यांनी अर्धी चड्डी वर सरकवली. टाक्यांचा व्रण पांढरा पडला होता आणि त्याच्या खालून काहीतरी वर आलं होतं. प्रिस्काने बोट लावलं. ते हललं नाही.

"कधीपासून?"

"नाताळापासून असेल. दुखत नाही, म्हणून बोललो नाही." ते बियांकडे बघत होते. "ईस्टरनंतर बघू. गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीत मला क्रुसाला खांदा द्यायचाय."

"उद्याच जाऊ."

आलोशियसांनी बायकोचा, सालोमीचा, शिवणाचा डबा ओढला, टेप काढली आणि लेकीच्या हातात दिली.

"मोज. मागच्या वेळी पाच सेंटीमीटर होती, कागदावर आहे. त्याहून लहान असेल तर येतो. मोठी असेल तर मला नेऊ नका. तुझ्या मम्मीला पण 'उद्याच जाऊ' म्हणून नेली होती. महिनाभर नळ्या लावून पडली आणि घरी आली ती पेटीतून."

त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे तिला माहीत होतं. वर लॅपटॉप टुंग करून वाजला. कुणाचा तरी रिपोर्ट आला होता. ती उठली नाही.

तिने टेप लावली. खात्रीसाठी पुन्हा लावली. दोन्ही वेळा आठ.

"किती?"

सात वर्षांत प्रिस्काने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. कंपनीने त्याबद्दल तिला दोनदा सर्टिफिकेट दिलं होतं, ते समोरच्या भिंतीवर होतं.

"तीन," ती म्हणाली. "लहान आहे तोवर काढून टाकू."

आलोशियसांचा चेहरा खुलला. "मग काय! तीन म्हणजे काहीच नाही. उगाच घाबरवलंस मला." त्यांनी टेप गुंडाळून डब्यात ठेवली. उरलेल्या बिया कागदावर ओतल्या, लंगडत मोरीपाशी गेले आणि बाटली पुन्हा एकदा खळखळून धुतली. सदऱ्याला पुसून ती त्यांनी लेकीपुढे ठेवली.

"उद्या हीच घेऊन चल. नवीन कशाला? आणि तुझ्या लॅबवाल्यांचं बघून झालं की परत आण. पहिल्याच्या शेजारी जागा आहे."

प्रिस्काने बाटली हातात घेतली. एवढं धुऊनही लेबलावरचं तिचं अक्षर गेलं नव्हतं.