आनंदीबाईंची लुगडी कोणी घेईना

कर्जतच्या पेठेत नारोशेटांचं कापडाचं दुकान होतं. मुंबईहून आगगाडी धावायला लागून वीस-बावीस वर्षं झाली होती, त्यामुळे मुंबईच्या गिरणीचा माल दुकानात यायला उशीर लागत नसे. पण त्या पावसाळ्यात मागच्या खोलीचं कौल सरकलं, पाणी गळलं आणि चाळीसेक लुगड्यांच्या तांबड्या काठांनी हिरव्या अंगावर रंग सोडला. कापड धडधाकट, पण गिऱ्हाईक हात लावीना.

"जाळून टाकतो," नारोशेट म्हणाले. "खोली तरी मोकळी होईल."

खोली मोकळी व्हायलाच हवी होती. लेक सुंदरा बाळंतपणाला आली होती. आधीची दोन बाळं बारशापर्यंतही टिकली नव्हती, आणि नारोशेटांच्या बायकोच्या, आनंदीबाईंच्या जिवाला तेवढाच एक घोर होता.

"जाळता कशाला?" त्या म्हणाल्या. "शेजारच्या कडाव गावच्या बाया ठिगळाला ठिगळ जोडून नेसतात. वाटून टाकू."

"वाट बाई. फुकटचं कुणी घेतं का बघ."

ते खोचक बोलणं आनंदीबाईंना तेव्हा कळलं नाही. बाजाराच्या दिवशी त्या पायरीवर बसल्या. कडावची हिरू तोंडली विकून परत निघाली होती. तिला हाक मारून त्यांनी एक लुगडं पुढे केलं.

"घे गं हिरू. तुला."

हिरूने लुगडं चाचपलं, नाकाशी नेलं आणि पायरीवर ठेवलं.

"कशापायी?"

"कशापायी म्हणजे? नेसायला!"

"लगीन नाय, बारसं नाय. शेटाणीबाई, कोन वारलं का तुमच्यात?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या? रंग गेलाय, म्हणून देतेय."

"मग सस्त्यात इका."

"विकायचं नाही म्हणून तर देतेय ना!"

"ऱ्हाऊ दे मग. फुडल्या बाजाराला बगू."

पुढच्या बाजाराला हिरू पलीकडच्या बाजूने गेली. दुसरीला घाई होती, तिसरीचा हात तंबाखूचा होता, चौथीचा नवरा म्हणे रागावला असता. आनंदीबाई दिवसभर लुगडी पुढे करून थकल्या. फुकट द्यायला इतकी आर्जवं करावी लागतात हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

शेवटी कडावचीच सोनाबाई म्हणून एक फटकळ बाई होती, तिने सांगून टाकलं.

"रागावू नका. तुमच्या सुंदराची दोन गेली. आता तिसऱ्यानं दिस भरत आले, आन तुमी कारण नसताना कोरी लुगडी वाटाया लागल्या. बाया म्हंतात, शेटाणी उतारा टाकते. लेकीची पीडा आमच्या पोरांवर."

आनंदीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं, पण ते गळायच्या आत संताप आला.

"उताऱ्याला मला चाळीस लुगडी लागतात होय गं? कर्जतात लिंबं संपली का?"

त्या दिवसापासून त्या कडावच्या नावाने बोटं मोडत होत्या. आणि नेमकं तेव्हाच मोतीबाई सुईण सुंदराचं पोट बघून म्हणाली, "ह्या बाळाला कोरं कापड लावायचं नाय. ज्या घरची पोरं जगली, तिथली जुनेरं मागून आना. पाच घरची. आन दुसऱ्याला धाडू नका, सोता पदर पसरा."

"कुठे मागू?"

"कडावात मागा. तितं पोरं लई."

आनंदीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

गाडी जुंपली. नारोशेटांनी लुगड्यांचं गाठोडं उचलून गाडीत टाकलं. "देवळात टाक, ओढ्यात टाक, पण परत आणू नकोस," म्हणाले.

कडावात हिरूच्या दाराशी उभं राहून आनंदीबाईंनी पदर पसरला. म्हणाल्या, "हिरू, तुझी सहा जगली. माझ्या सुंदराच्या बाळासाठी एक जुनेर दे."

हिरूने स्वतःच्या अंगावरच्या लुगड्याकडे बघितलं.

"जुनेर म्हनाल तर ह्येच. ह्ये दिलं तर नेसू काय?"

"गाडीत आहे."

"काय?"

"तेच! तुला नको होतं ते!"

हिरूने हात पुढे केला. "आना," ती म्हणाली. "आता द्या. आता कारण हाय."

ती घरात गेली आणि हिरवं लुगडं नेसून आली. आपलं विरलेलं, अंगाची ऊब असलेलं जुनेर तिने घडी करून त्यांच्या पदरात ठेवलं, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जगल. ह्याच्यावर माझी सहा लोळली." मग लगेच, "दुसरा काठ हाय का वो? ह्येचा रंग लई पसारलाय."

"हिरू!"

"इचारलं आपलं."

तोवर शेजारणी बाहेर आल्या होत्या. सोनाबाई सगळ्यांत पुढे, बगलेत जुनेर. आनंदीबाईंनी तिला ऐकवायची वाक्यं वाटभर जुळवली होती, पण पदर पसरलेल्या बाईला भांडता येत नाही. गाठोडं संपलं. जुनेरांचं दुसरं, त्याहून मोठं, गाडीत चढलं.

आठ दिवसांनी सुंदराला मुलगी झाली. हिरूच्या जुनेरावर ठेवली तशी असा टाहो फोडला की दुकानातली गिऱ्हाइकं दचकली. आनंदीबाई रोज उठून आधी तिच्या नाकाशी बोट धरत. बारसं झालं. महिना झाला. पोरगी दूध ओढत होती आणि जुनेरांमागून जुनेरं भिजवत होती.

बाजाराच्या दिवशी पायरीवर पुन्हा गर्दी. पळसदरीची एक बाई, कोण कुठली, काखेत चिरगुटं घेऊन उभी.

"शेटाणीबाई, जुनेर आनलंय. माझी चार जगली."

"अगं बाई, लुगडी संपली!"

"लुगडं कोन मागतंय? बाळ बघाया आले."

आनंदीबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं, चिरगुटं हातातून ओढून घेतली आणि म्हणाल्या, "पाय धू आधी. आणि हळू बोल, आत्ता निजलीय."